नावं वाचायला शिका: /बिन, /ईटीसी, /यूएसआर आणि मंडळी

लिनक्स नवीन घेतलेला माणूस पहिल्या आठवड्यात कधीतरी फाइल मॅनेजरमध्ये 'वर, अजून वर' करत शेवटच्या टोकाला पोचतो आणि थबकतो. तिथं वीसेक डिरेक्टरी मांडलेल्या असतात. नावं कशी, तर बिन, लिब, ईटीसी, यूएसआर, व्हार, ऑप्ट. कुणीतरी घाईत निम्मी अक्षरं गाळून लिहिल्यासारखी. बहुतेक जण तिथूनच मागं फिरतात. काही जण कुठलं तरी कोष्टक शोधून पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात. मीही विसरलो होतो.

कोष्टक पाठ करू नका. यातल्या बहुतेक नावांमागं एखादी साधी अडचण आहे: डिस्क भरली, टंकयंत्र हळू चालतं, यंत्राला स्वतःची डिस्कच नाही. ती अडचण कळली की नाव विसरायला होत नाही. फक्त एक पथ्य पाळायचं. नाव ठेवलं तेव्हा आत जे होतं तेच आज असेल असं धरून चालायचं नाही. राहणारे बदलले पण दारावरची पाटी जुनीच, अशी बरीच दारं इथं भेटतील.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात आज्ञा आणि नावं देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी स्मॉल अक्षरांत टाइप करायची. 'एलएस' दिसलं तर एल आणि एस ही दोन अक्षरं. 'बिन', 'होम' असं शब्दासारखं लिहिलं असेल तर तो शब्द. मोठी आणि लहान अक्षरं लिनक्सला वेगवेगळी वाटतात, हे विसरू नका.

पायरी १: मुळाशी जा

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. सीडी, मग एक मोकळी जागा, मग तिरकी रेघ: 'सीडी /'. आता 'एलएस'. जी यादी आली ती झाडाचं मूळ. संगणकातलं हे झाड उलटं असतं, मूळ वर आणि फांद्या खाली. म्हणून एकट्या तिरक्या रेघेला रूट म्हणतात.

यादीत 'रूट' नावाची आणखी एक डिरेक्टरी दिसेल आणि नवखा माणूस इथंच पहिल्यांदा गोंधळतो. / म्हणजे झाडाचं मूळ. /रूट म्हणजे रूट नावाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचं घर. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या जुन्या युनिक्स या कार्यप्रणालीवर या सर्वाधिकाऱ्याला वेगळं घर नव्हतं, त्याचं घर म्हणजे / हेच. त्याच्या वैयक्तिक फाइली मुळाशीच पसरायला लागल्यावर त्याला वेगळी खोली दिली.

डिरेक्टरी हा शब्दही जरा न्याहाळा. टेलिफोन डिरेक्टरीत माणसं नसतात, नाव आणि नंबर असतो. युनिक्समधली डिरेक्टरी अगदी तशीच आहे. तिच्यात फाइली भरलेल्या नसतात, फाइलचं नाव आणि तिचा अंतर्गत क्रमांक यांच्या जोड्या असतात. त्या क्रमांकाला आयनोड नंबर म्हणतात, 'एलएस -आय' केलंत तर दिसेल. फोल्डर हा शब्द नंतरचा. १९८१ मध्ये झेरॉक्सच्या स्टार या संगणकाच्या पडद्यावर कार्यालयातलं टेबल, कागद आणि कागद ठेवायचं फोल्डर अशी चित्रं आली, पुढं ॲपलनं ती कल्पना घेतली आणि विंडोज ९५ पासून ती घरोघरी गेली. आत काहीतरी ठेवलंय असं फोल्डर भासवतं. प्रत्यक्षात तिथं यादीच आहे, त्यामुळं डिरेक्टरी हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो.

आता नावं एवढी तोकडी का? युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी सुरू केलं. त्यांच्यासमोर पडदा नव्हता, टेलिटाइप होतं. मॉडेल ३३ हे त्या काळचं नेहमीचं यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं आणि त्याच्या कळा बऱ्यापैकी जोर लावून दाबाव्या लागत. दिवसभर असं यंत्र बडवणारा माणूस 'लिस्ट' लिहीत नाही, 'एलएस' लिहितो. 'कॉपी'चं 'सीपी' होतं, 'मूव्ह'चं 'एमव्ही'. युनिक्स पुन्हा लिहायची वेळ आली तर काय बदलाल, असं थॉम्पसनला एकदा विचारलं होतं. क्रिएट या सिस्टम कॉलच्या (प्रोग्रॅम कार्यप्रणालीकडे काम मागतो ती हाक) शेवटी राहून गेलेला ई लावेन, असं त्याचं उत्तर होतं. तो ई आजही लागलेला नाही.

पायरी २: सोपी नावं आधी हातावेगळी करा

/बिन म्हणजे बायनरी. प्रोग्रॅमर लिहितो तो मजकूर माणसाला वाचता येतो, कंपायलरमधून, म्हणजे त्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममधून, निघालेला प्रोग्रॅम यंत्रासाठी शून्य-एकच्या रूपात असतो, म्हणून बायनरी. डबा किंवा कचऱ्याची पेटी या अर्थाच्या बिनशी त्याचा संबंध नाही. 'एलएस' ही आज्ञाही तिथंच राहते, शोधून बघा. गंमत अशी की आज /बिनमधल्या बऱ्याच आज्ञा बायनरी नसतात, साध्या मजकुरातल्या स्क्रिप्ट असतात. जुन्या पाटीचं हे पहिलं दार.

/एसबिन म्हणजे सिस्टम बायनरी, यंत्राची देखभाल करणाऱ्याच्या आज्ञा. /लिब म्हणजे लायब्ररी, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो सामाईक कोड. /बूट म्हणजे यंत्र सुरू होताना लागणारं सामान. बुटाच्या मागच्या नाडीला धरून स्वतःलाच वर उचलायचं, या इंग्रजी म्हणीतून बूटस्ट्रॅप आलं आणि त्याचं बूट झालं. यंत्र चालू करायला प्रोग्रॅम लागतो आणि प्रोग्रॅम चालवायला चालू यंत्र लागतं, ही ती स्वतःला उचलण्याची कसरत.

/डेव्ह म्हणजे डिव्हाइस. डेव्हलपर नव्हे, ही चूक फार जण करतात. युनिक्सनं ठरवलं की कीबोर्ड, डिस्क, छपाईयंत्र, सगळ्यांशी फाइलसारखंच बोलायचं. त्या फाइली इथं असतात. आत 'टीटीवाय'नं सुरू होणारी पुष्कळ नावं दिसतील. टीटीवाय म्हणजे टेलिटाइपरायटर, वर सांगितलेलं कागदावर छापणारं तेच यंत्र. ती यंत्रं कधीच भंगारात गेली, पण तुम्ही आता उघडलेली टर्मिनलची खिडकी स्वतःला अजून टीटीवायच म्हणवते. 'टीटीवाय' ही आज्ञा देऊन बघा, ती तुमच्या खिडकीचा पत्ता सांगेल. डिस्कचं नाव 'एसडीए' असेल तर त्यातलं एसडी हे स्कझी डिस्कचं. स्कझी म्हणजे डिस्क जोडायची एक जुनी पद्धत. तुमच्या यंत्रात स्कझी डिस्क बहुधा नाही, पण साटा आणि यूएसबी डिस्कसुद्धा लिनक्स त्याच जुन्या स्कझी थरातून हाताळतं, म्हणून नाव टिकलं.

/एमएनटी म्हणजे माउंट. एकेकाळी डिस्क हा शब्दशः चढवायचा जिनस होता. चकत्यांचा गठ्ठा उचलायचा, यंत्राच्या दांड्यावर बसवायचा आणि मग संगणकाला सांगायचं की चढवला. आज पेनड्राइव्ह खोचलात तरी क्रियापद तेच. आताची लिनक्सं पेनड्राइव्ह बहुधा /मीडिया किंवा /रनच्या खाली जोडतात आणि /एमएनटी तुमच्या हातच्या तात्पुरत्या कामासाठी मोकळी सोडतात.

/टीएमपी म्हणजे टेम्पररी, आणि हे नाव अक्षरशः खरं माना. मी एकदा दोन तास खपून केलेलं एक टिपण 'नंतर हलवू' म्हणून तिथं ठेवलं आणि यंत्र बंद केलं. सकाळी टिपण नव्हतं. दोष कुणाचाच नव्हता, पाटीवर लिहिलेलंच होतं. बऱ्याच यंत्रांवर ही डिरेक्टरी डिस्कवर नसतेच, मेमरीत असते. 'डीएफ /टीएमपी' ही आज्ञा देऊन पाहा. उत्तरात 'टीएमपीएफएस' आलं तर वीज गेली की सगळं गेलं.

पायरी ३: /ईटीसी, म्हणजे इत्यादी

बोलताना याला बरेच जण एट्सी म्हणतात. लॅटिनमधल्या एट सेटेरा या शब्दांचा हा संक्षेप, आपल्या मराठीत 'इ.' किंवा 'वगैरे'. आज इथं यंत्राची सगळी मांडणी असते: कोण वापरकर्ते आहेत, कुठली डिस्क कुठं जोडायची, नेटवर्क कसं आहे. एवढ्या महत्त्वाच्या जागेला 'वगैरे' असं नाव कोण देईल, असं वाटून लोकांनी मागाहून भारदस्त विस्तार बनवले. 'एडिटेबल टेक्स्ट कॉन्फिगरेशन' हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय. ऐकायला इतका चपखल की खराच वाटतो.

तो मागाहून चिकटवलेला आहे हे ओळखायचं कसं? जुन्या यंत्रात डोकवायचं. बेल लॅब्जमधल्या सुरुवातीच्या युनिक्सवर /ईटीसीमध्ये पासवर्डची फाइल होती, पण यंत्र चालू होताना पहिला धावणारा 'इनिट' हा प्रोग्रॅमही तिथंच होता आणि डिस्क चढवणारा 'माउंट'सुद्धा. हे संपादन करायचे मजकूर नव्हेत, हे चक्क प्रोग्रॅम. रोजच्या आज्ञा /बिनमध्ये गेल्या, उपकरणं /डेव्हमध्ये गेली, उरलेलं कुठंच न बसणारं सामान 'वगैरे'त टाकलं. पुढं प्रोग्रॅम एकेक करून बाहेर गेले, मांडणीच्या फाइली तेवढ्या राहिल्या. आज तर डिरेक्टरींच्या मांडणीचा जो प्रमाण नियमसंच आहे तो /ईटीसीमध्ये बायनरी ठेवायला मनाईच करतो. म्हणजे तो भारदस्त विस्तार आजच्या सामानाचं वर्णन म्हणून बरोबर आहे, उगम म्हणून चूक.

आत शिरलाच आहात तर 'कॅट /ईटीसी/पासडब्ल्यूडी' करा, कॅट ही आज्ञा फाइलीतला मजकूर दाखवते. घाबरू नका, यात पासवर्ड नसतात. पूर्वी त्यांची सांकेतिक रूपं असायची, पण ही फाइल कुणालाही वाचता येते म्हणून ती 'शॅडो' नावाच्या फाइलीत हलवली. नाव मात्र पासवर्डचंच. प्रत्येक ओळीत विसर्गासारख्या दोन ठिपक्यांनी पाडलेले सात रकाने आहेत. पाचव्या रकान्यात सहसा माणसाचं पूर्ण नाव असतं आणि जाणकार त्याला गेकॉस म्हणतात. गेकॉस ही जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या संगणकांवरची वेगळीच कार्यप्रणाली. बेल लॅब्जमधली युनिक्स यंत्रं छपाईची कामं तसल्या संगणकाकडे पाठवायची, त्याला लागणारी ओळख कुठंतरी लिहून ठेवायला हवी होती, ती या रकान्यात लिहिली. तो संगणक गेला, छपाईची ती सोयही गेली, रकाना आजही तुमच्या लॅपटॉपवर आहे.

'आरसी'नं संपणारी नावं /ईटीसीमध्ये आणि तुमच्या घरातही दिसतील, उदाहरणार्थ बॅशआरसी. ही आणखी जुनी वस्तू. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती. फाइलीत लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीनं चालवायची तिच्यातली सोय म्हणजे 'रनकॉम', रन कमांड्सचं लघुरूप. त्याचं आरसी झालं. सुरुवात होताना आपोआप चालवायच्या आज्ञा, एवढंच लक्षात ठेवा.

आणि काही नावांच्या शेवटी टिंब आणि डी असतो: 'क्रॉन.डी', 'कॉन्फ.डी'. तो डी डिरेक्टरीचा. एका लांबलचक फाइलीऐवजी तुकडे करून एका डिरेक्टरीत ठेवले आहेत, अशी ती खूण. 'एसएसएचडी'तला शेवटचा डी वेगळा, तो डीमनचा, पडद्याआड राबणाऱ्या प्रोग्रॅमचा.

पायरी ४: /यूएसआर, जिथं खरी गोष्ट आहे

इथं निवांत बसा. बाकी सगळी नावं एकीकडं आणि हे एकीकडं.

यूएसआर म्हणजे काय, असं विचारलं की 'युनिक्स सिस्टम रिसोर्सेस' असं उत्तर हटकून येतं. मीही ते बरीच वर्षं खरं मानून इतरांना सांगत होतो. ते मागाहून जुळवलेलं आहे. यूएसआर म्हणजे यूजर, वापरकर्ता. ई गाळलेला. क्रिएटमधला ई गाळणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची!

बेल लॅब्जमध्ये /यूएसआरच्या आत वापरकर्त्यांची घरं होती. केन थॉम्पसनचं घर /यूएसआर/केन, डेनिस रिचीचं घर त्याच्या आद्याक्षरांवरून /यूएसआर/डीएमआर. आज आपण /होममध्ये राहतो तसे ते /यूएसआरमध्ये राहत. मग आज तिथं कुणाचंच घर नाही आणि हजारो प्रोग्रॅम मात्र आहेत, हे कसं झालं?

डिस्क भरली म्हणून. युनिक्स पीडीपी-११ या यंत्रावर आलं तेव्हा त्या यंत्राची मेमरी २४ किलोबाइट होती आणि डिस्क ५१२ किलोबाइट. मोबाइलवर काढलेला एक फोटो आज याहून मोठा असतो. कार्यप्रणाली पहिल्या डिस्कवर, वापरकर्त्यांची घरं दुसऱ्या, जरा मोठ्या डिस्कवर, अशी विभागणी होती. दुसरी डिस्क /यूएसआर या नावानं चढवलेली. प्रोग्रॅम वाढत गेले आणि पहिल्या डिस्कवर मावेनासे झाले. जागा होती ती वापरकर्त्यांच्या डिस्कवर. तेव्हा जास्तीचे प्रोग्रॅम तिकडं ठेवले आणि जागेला नाव दिलं /यूएसआर/बिन. लायब्ररी ओसंडल्या त्या /यूएसआर/लिबमध्ये. घरात पाहुण्यांचं सामान येऊन पडावं तसं.

आता एक पेच आला. यंत्र चालू होतं तेव्हा फक्त पहिली डिस्क हाताशी असते. दुसरी डिस्क चढवायला 'माउंट' ही आज्ञा लागते. ती आज्ञाच दुसऱ्या डिस्कवर असेल तर? म्हणून नियम झाला: यंत्र उभं करायला आणि बिघडलं तर दुरुस्त करायला जे लागतं ते पहिल्या डिस्कवरच राहणार, बाकीचं /यूएसआरमध्ये गेलं तरी चालेल. अडचणीतून आलेल्या या नियमाला पुढं तत्त्वज्ञानाचं रूप आलं. डिस्क कितीही मोठ्या झाल्या तरी /बिन आणि /यूएसआर/बिन ही जोडी पिढ्यानपिढ्या चालू राहिली, आणि नवी आज्ञा कुठं ठेवायची यावर लोक तावातावानं वाद घालत राहिले. रॉब लँडली या लिनक्सच्या जाणकारानं २०१० मध्ये हा सगळा इतिहास मांडून विचारलं, की डिस्क भरली होती म्हणून केलेली तडजोड आपण अजून का जपतोय?

त्या सुमारास हालचाल सुरू झालीच होती. फेडोरा या लिनक्सच्या एका वितरणाच्या १७ व्या आवृत्तीनं २०१२ मध्ये दोन्ही जागा एक केल्या. डेबियन या दुसऱ्या वितरणानं वेळ घेतला, २०२३ च्या डेबियन १२ पर्यंत एकत्रित मांडणी सक्तीची झाली. तुमच्या यंत्रावर काय आहे ते बघायला 'एलएस -एल /' ही आज्ञा द्या. बिनच्या ओळीत बाण दिसला आणि बाणापुढं 'यूएसआर/बिन' असलं, तर तुमची /बिन ही खरी डिरेक्टरी नाही, नुसता दिशादर्शक फलक आहे. लिब आणि एसबिनचंही तसंच असेल. जुन्या स्क्रिप्टमध्ये /बिन/एसएच असा पत्ता लिहिलेला असतो, तो मोडू नये म्हणून फलक ठेवला आहे.

आणि घरं? वापरकर्ते वाढले तसे त्यांना हलवावं लागलं. वेगवेगळ्या युनिक्सनी वेगवेगळ्या जागा दिल्या, शेवटी /होम रुळलं. घरमालक गेले, पाहुण्यांचं सामान राहिलं, पाटीवर नाव घरमालकांचंच.

पायरी ५: /यूएसआरची वाटणी समजून घ्या

१९८० च्या दशकात सनसारख्या कंपन्यांची वर्कस्टेशनं आली. त्यातली काही स्वतःच्या डिस्कविना चालत. नेटवर्कवरच्या एका मोठ्या यंत्रावरून दहा-वीस यंत्रं एकच /यूएसआर वापरणार, अशी ती योजना. ती सगळ्यांची सामाईक म्हणून तिच्यात कुणी काही लिहायचं नाही, फक्त वाचायचं. पण /यूएसआरच्या आत सतत बदलणाऱ्या गोष्टीही होत्या. टपाल यायचं ते /यूएसआर/स्पूलमध्ये, नोंदवह्या /यूएसआर/एडीएममध्ये. त्या सगळ्या उचलून बाहेर नेल्या आणि नव्या जागेला नाव दिलं /व्हार, म्हणजे व्हेरिएबल, बदलतं.

म्हणून लक्षात ठेवायला सोपं: यंत्र चालू असताना जे आपोआप वाढतं ते /व्हारमध्ये. डिस्क अचानक भरली की अनुभवी माणूस पहिल्यांदा तिथं का बघतो ते यातून कळेल. 'डीयू -एसएच /व्हार/*' ही आज्ञा आधी सूडो (रूटच्या अधिकारानं चालव) लावून द्या, कोण किती फुगलंय ते दिसेल. बहुतेक वेळा गुन्हेगार /व्हार/लॉग असतो. लॉग हा शब्द जहाजावरचा आहे. दोरीला लाकडाचा ओंडका बांधून पाण्यात सोडायचा, किती दोरी सुटली त्यावरून वेग मोजायचा आणि तो वहीत लिहायचा. त्या वहीला लॉगबुक म्हणत. ओंडका बुडाला, वही तरली.

/यूएसआर/शेअर हे नावही त्याच काळच्या विचारातलं: कुठल्याही प्रोसेसरच्या यंत्रांना वाटून घेता येईल असं सामान. चित्रं, फाँट, मदतीची पानं. प्रोग्रॅम प्रोसेसरप्रमाणे बदलतो, फाँट बदलत नाही.

नवख्यानं खास ओळख करून घ्यावी ती /यूएसआर/लोकलची. लोकल म्हणजे या यंत्रापुरतं, इथल्या माणसानं हातानं आणलेलं. वितरणाबरोबर आलेलं सामान पॅकेज मॅनेजर, म्हणजे प्रोग्रॅम बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम, सांभाळतो आणि अद्ययावत करताना बिनदिक्कत पुसून नवं ठेवतो. /यूएसआर/लोकलला तो हात लावत नाही. तेव्हा स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट सगळ्यांसाठी ठेवायची असेल तर /यूएसआर/लोकल/बिन ही तिची जागा. /यूएसआर/बिनमध्ये ठेवलीत तर चालेल, पण कधीतरी ती नाहीशी होईल आणि तुम्ही दुसऱ्यालाच दोष देत बसाल.

/ऑप्ट म्हणजे ऑप्शनल, ऐच्छिक. स्वतःचा सगळा संसार एका डिरेक्टरीत घेऊन येणारे मोठे प्रोग्रॅम इथं उतरतात. /एसआरव्ही म्हणजे सर्व्हिस, यंत्र बाहेरच्यांना जे पुरवतं ते. घरगुती यंत्रावर ती रिकामीच दिसेल, सोडून द्या.

पायरी ६: डिस्कवर नसलेल्या डिरेक्टरी

/प्रॉक म्हणजे प्रोसेस. टॉम किलियन यांनी १९८४ मध्ये आठव्या आवृत्तीच्या युनिक्ससाठी ही कल्पना मांडली: चालू असलेला प्रत्येक प्रोग्रॅम फाइलसारखा दिसावा. आत आकड्यांच्या डिरेक्टरी दिसतात, तो प्रत्येक आकडा एका धावत्या प्रोग्रॅमचा क्रमांक. 'कॅट /प्रॉक/सीपीयूइन्फो' करा, भरपूर मजकूर येईल. मग त्याच फाइलीचा आकार 'एलएस -एल'नं पाहा, शून्य. तुम्ही विचारता त्या क्षणी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती रचून देतं. /सिस हे त्याचं धाकटं भावंड. ते लिनक्स २.६ बरोबर रुळलं, कारण /प्रॉकमध्ये प्रोसेसशी संबंध नसलेलं बरंच काही साठत चाललं होतं. सीपीयूइन्फो तरी कुठं प्रोसेस आहे? /रन सगळ्यात नवी, यंत्र चालू आहे तोवरच्या टिपणांसाठी.

पायरी ७: ठिपका आणि नागमोडी रेघ

आपल्या घरी या: नुसतं 'सीडी'. आता 'एलएस -ए'. ठिपक्यानं सुरू होणारी, एरवी न दिसणारी नावं बाहेर येतील. फाइली लपवायची ही सोय कुणी विचार करून बांधलेली नाही. प्रत्येक डिरेक्टरीत एक ठिपका म्हणजे ती स्वतः आणि दोन ठिपके म्हणजे तिची वरची, अशा दोन नोंदी असतात. एलएसच्या यादीत त्या दोन उगाच दिसू नयेत म्हणून नाव ठिपक्यानं सुरू झालं तर वगळा, एवढीच तपासणी घातली. तपासणी आळशी होती, तिनं ठिपक्याची सगळीच नावं वगळली. रॉब पाइक या बेल लॅब्जमधल्याच माणसानं हे सांगितलं आहे आणि त्याच्या मते ही चूकच होती. तुमच्या घरात साठलेल्या ठिपक्याच्या फाइली मोजा, म्हणजे त्याचं म्हणणं पटेल.

घराची खूण म्हणून नागमोडी रेघ वापरतात, 'सीडी ~' असं. १९७० च्या दशकातल्या एडीएम-३ए या टर्मिनलच्या कीबोर्डवर होम हा शब्द आणि ती नागमोडी रेघ एकाच कळीवर छापलेली होती.

पायरी ८: विंडोज आणि मॅकवाल्यांसाठी

मॅकवर मुळाशी गेलात तर वर सांगितलेली बरीच नावं सापडतील, कारण ते आतून युनिक्सच आहे. फक्त घरं /यूजर्समध्ये आहेत, म्हणजे गाळलेला ई अखेर कुणीतरी परत लावला. /ईटीसी, /टीएमपी आणि /व्हार तिथं नुसते फलक आहेत, खऱ्या जागा /प्रायव्हेटच्या आत.

विंडोजची गोष्ट वेगळ्या खेड्यातली. ए आणि बी ही फ्लॉपीची अक्षरं, म्हणून हार्ड डिस्क सी. फ्लॉपी गेल्या, पण सीला बढती मिळाली नाही. तिरकी रेघ उलटी का? एमएस-डॉस या विंडोजच्या आधीच्या कार्यप्रणालीच्या १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत डिरेक्टरी नव्हत्याच, आणि सरळ तिरकी रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी वापरून झाली होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत डिरेक्टरी आल्या तेव्हा उलटी रेघ घ्यावी लागली.

सी-ओ-एन या तीन अक्षरांचं फोल्डर विंडोजमध्ये बनवून बघा. ते नकार देईल. कॉन म्हणजे कन्सोल, पडदा आणि कीबोर्ड मिळून. डॉसमध्ये डिरेक्टरी नव्हत्या त्या काळी अशी उपकरणांची नावं सगळीकडं चालायची, कारण 'सगळीकडं' म्हणजे एकच जागा होती. डिरेक्टरी आल्यावर जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ती नावं प्रत्येक डिरेक्टरीत राखीव ठरली. युनिक्सनं उपकरणांसाठी /डेव्ह ही वेगळी जागा केली होती, त्याचा फायदा इथं कळतो.

सिस्टम३२ हे ३२ बिटांच्या काळातलं नाव. ६४ बिटांचं विंडोज आलं तेव्हा असंख्य प्रोग्रॅममध्ये ते नाव लिहून ठेवलेलं होतं, म्हणून ६४ बिटांच्या फाइली सिस्टम३२ मध्येच ठेवल्या. मग ३२ बिटांच्या कुठं? सिसवाऊ६४ मध्ये. वाऊ म्हणजे 'विंडोज ऑन विंडोज'. म्हणजे ३२ लिहिलंय तिथं ६४ आणि ६४ लिहिलंय तिथं ३२. जुन्या पाटीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पायरी ९: पुढचं नाव स्वतः सोडवा

अनोळखी नाव भेटलं की आधी 'मॅन हायर' ही आज्ञा द्या. मॅन म्हणजे मॅन्युअल, मदतीची पानं दाखवणारी आज्ञा. हायर म्हणजे एच, आय, ई, आर, हायरार्कीची पहिली चार अक्षरं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून हे पान चालत आलं आहे आणि त्यात झाडाच्या नेहमीच्या फांद्या सांगितलेल्या असतात. मग विस्ताराची परीक्षा घ्या. नाव ठेवणारे टेलिटाइपवर बसलेले लोक होते, त्यांनी एक साधा शब्द तोडून घेतलेला असतो. तीन अक्षरांतून तीन भारदस्त शब्द निघत असतील तर संशय घ्या.

शेवटचं एक नाव उरलं, आणि ते पूर्ण लिहिलेलं आहे: 'लॉस्ट+फाउंड', मध्ये अधिकचं चिन्ह. हरवलं-सापडलं. ईएक्सटी४ (लिनक्सवरची डिस्कवर फाइली मांडायची एक पद्धत) प्रकारच्या डिस्कवर ती मुळाशीच दिसते. यंत्र अचानक बंद पडून डिरेक्टरीची यादी फाटली तर फाइल डिस्कवर शाबूत असूनही तिचं नाव कुठंच उरत नाही. डिस्क तपासणारा एफएससीके हा प्रोग्रॅम अशा फाइली गोळा करून इथं आणून ठेवतो. त्या आणीबाणीत नवी जागा शोधावी लागू नये म्हणून डिरेक्टरी आधीपासून बांधून, तिच्यात जागा राखून ठेवलेली असते. रिकामी आहे म्हणून ती पुसू नका. आणि कधी भरलेली दिसलीच, तर आत नावं शोधू नका. तिथं फक्त पहिल्या पायरीतले आयनोड नंबर असतील.